दिवा लागला नव्हता

पावसाआधी सुपारीवर मारायच्या बोर्डोबद्दल लिहितो असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. आज गाडीचं लिहितो. गेल्या मे महिन्यात आंबा घाटात जे झालं ते वर्षभर कुणाला नीट सांगितलं नव्हतं, घरात सुद्धा अर्धंच सांगितलं. आता परत तेच दिवस आलेत, भरलेल्या गाड्या घाट चढायला लागल्यात, म्हणून लिहून टाकतो.

मी राहतो मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. कलमं पलीकडे, भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या बाजूला. गाडी डिझेलची पिकअप, पाच वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गृहस्थाकडून जुनी घेतलेली. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. मोठा माल ट्रान्सपोर्टने वाशीला जातो, कोल्हापूरच्या पेट्या मी स्वतः नेतो. सगळं धरून वर्षाला गाडी सहा-सात हजार किलोमीटर चालते. डॅशबोर्डवर पान्याचं चित्र येतं, ते दहा हजाराला. पाना आला की गॅरेजला न्यायची, ऑईल आणि फिल्टर बदलायचे, बटण दाबून पाना घालवायचा. याला मी सर्व्हिसिंग म्हणत होतो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. हंगामातला शेवटचा माल कोल्हापूरला टाकला. थोरली मुलगी तिथे शिकते, तिची परीक्षा संपली होती, म्हणून येताना तिला आणि तिच्या बॅगा घेतल्या. वाटेत मलकापूरच्या पुढे लेंडीखताची वीस पोती भरली. म्हणजे टनभर वजन. रिकामी गाडी कशाला आणायची, हा आपला नेहमीचा हिशोब.

आंबा गाव सोडलं की उतार सुरू होतो. पुढे ट्रक, मधेमधे रस्त्याचं काम, त्यामुळे मी चौथ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला हवं हे मला माहीत होतं. पण दुपारचे तीन वाजलेले, घरी जायची घाई, आणि मुलगी हॉस्टेलच्या गमती सांगत होती. मधेच म्हणाली, "बाबा, कसला तरी जळका वास येतोय." मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचा असेल."

दोन वळणं गेली आणि पायाखालचं पेडल मऊ लागलं. पिकलेल्या रायवळावर पाय पडावा तसं. पुढच्या वळणावर दाबलं तर सरळ खाली, लाकडी फळीपर्यंत. परत दाबलं, परत खाली. डॅशबोर्डकडे बघितलं. एकही दिवा नाही. सगळं स्वच्छ.

तिला काही बोललो नाही. गिअर तिसरा, दुसरा, इंजिन ओरडायला लागलं, हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढत पहिला टाकला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घातलं. मडगार्ड दरडीला घासत गेलं, गाडी थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे आंबा घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तिने इतकी दाबली होती की झाकण उडून सगळं पाणी तिच्या मांडीवर. दोघंही पाचेक मिनिटं नुसते बसून राहिलो.

आता खरी गोष्ट पुढे आहे. पाऊण तासाने पेडल दाबून बघितलं तर घट्ट! जसं काही झालंच नव्हतं. मी म्हटलं, "गरम झाले होते, आता बरे झाले, चल." चावी फिरवली सुद्धा. मुलगी खाली उतरून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही आधी कुणाला तरी दाखवा. मी अशी बसणार नाही." मला राग आला होता, आज कबूल करतो. शेवटी दहा पोती रस्त्याकडेला उतरवली, तिला मागून आलेल्या एस.टी.त बसवली, आणि पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी साखरप्यापर्यंत आणली. घरी सांगितलं, गाडी तापली होती, म्हणून पोरीला एस.टी.ने पाठवली. मडगार्डचं खापर दगडी गडग्यावर फोडलं.

साखरप्याच्या मेकॅनिकने काही खोललं नाही, आधी एक प्रश्न विचारला. "दादा, ब्रेक ऑईल कधी बदललंय?" मी म्हटलं, टाकी तर भरलेली आहे. तो म्हणाला, "भरलेली आहे का ते नाय विचारलं, बदललंय कधी?" बदललेलं नव्हतंच. पाच वर्षांत मी नाही, आणि आधीच्या मालकाने केलं असेल तर ते त्याला माहीत. मग त्याने चाकाजवळचा निपल सैल करून थोडं बाटलीत काढलं. काळ्या चहासारखं. शेजारी नवीन ओतलं, ते मधासारखं पिवळट आणि आरपार दिसणारं. सांगण्यासारखं काही उरलं नाही.

त्याने सांगितलेलं आणि नंतर मी रत्नागिरीत आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून समजून घेतलेलं, माझ्या भाषेत सांगतो. ब्रेक ऑईल नावालाच ऑईल. ते हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ जसं पाझरतं तसं. नवीन डॉट ३ प्रकारचं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असं प्रमाण आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा १४० वर येतो. डॉट ४ मध्ये हेच २३० आणि १५५. घाटात भरल्या गाडीने सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळ तेवढी उष्णता सहज होते. ऑईल उकळलं की वाफ होते. ऑईल दाबलं तर दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, पण वाफ दबते. पेडल खाली जातं ते त्यामुळे. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत घट्ट. म्हणजे खाली सपाटीवर येऊन कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, ब्रेक तर चांगले आहेत.

आणि दिवा? ब्रेकचा लाल दिवा आमच्या गाडीत दोनच गोष्टी सांगतो. हॅण्डब्रेक ओढलेला आहे, किंवा टाकीतलं ऑईल खाली गेलं आहे. आत काय आहे, किती जुनं आहे, हे त्याला कळत नाही. टाकी नासक्या ऑईलने काठोकाठ भरलेली असली तरी तो गप्प.

इथपर्यंत मी स्वतःला म्हणत होतो, मला काय माहीत होतं! पण मग आठवलं. आदल्या वर्षी हा दिवा लागला होता. वळणावर लुकलुकायचा. मी बॉनेट उघडलं, ऑईल थोडं खाली होतं, पंपाच्या खोलीत एक अर्धी बाटली पडलेली होती, ती ओतली. दिवा गेला. मी खूश. रत्नागिरीच्या मेकॅनिकला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. ब्रेकचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी आपोआप खाली जाते. गळती नसेल तर दिवा सांगत होता की पॅड संपत आलेत. मी वरून ऑईल ओतून त्याचं तोंड बंद केलं. पॅड पातळ झाले की उष्णता ऑईलपर्यंत लवकर पोचते. आणि ओतलं ते काय, तर झाकण उघडलेली बाटली, जी कोकणातले दोन पावसाळे पंपाच्या खोलीत राहिलेली. पाण्याचंच तीर्थ घातलं म्हणा ना.

ज्या खोलीत ती बाटली होती त्याच खोलीत माझा फवारणीचा एचटीपी पंप असतो. त्याला एकही दिवा नाही. म्हणून मी काय करतो? प्रत्येक फवारणीआधी इंजिनचं ऑईल बघतो, पंपाचं ऑईल काचेतून बघतो, दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलं हे ओळखतो, जाळी धुतो, पाईपवर हात फिरवून फुगवटा बघतो. ग्रासकटरचा एअर फिल्टर दर दोन दिवसांनी झटकतो. हे मला कुणी शिकवलं नाही, भर मोहोरात पंप बंद पडला की काय होतं ते एकदा भोगलंय. पंप पंधरा वर्षं चाललाय. आणि ज्या गाडीत मुलीला बसवून घाट उतरतो, तिचं बॉनेट मी पाना आल्याशिवाय उघडत नव्हतो. विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक आपण सगळे पाळतो, पण म्हणून कुणी मोहोर बघायला जायचं बंद करतो का? तुडतुडा वेळापत्रक वाचून येत नाही.

पाना दिसतो तो किलोमीटर मोजून. आमच्या गाडीत तरी तसंच आहे. आता किलोमीटर पुण्याच्या माणसाच्या गाडीचे वेगळे आणि मांडवीच्या गाडीचे वेगळे. माझी गाडी जून ते सप्टेंबर जवळजवळ उभीच असते, किलोमीटर पडत नाहीत, पण खारा वारा चोवीस तास चालू. कोकणात गाडीचं वय पावसाळ्यांवर मोजायला हवं. माडाला मीठ मानवतं, पत्र्याला नाही.

साखरप्याहून आल्यावर पहिल्यांदा मी गाडीखाली नीट झोपून बघितलं, पाठीखाली पोतं घालून. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाईप, त्यावर गंजाचे पापुद्रे. नखाने काढले तर निघत होते. तो पाईप पण बदलला. मडगार्डच्या आत बोटभर चिखल बसलेला, तांबडी माती आणि शेण, ती ओल धरून ठेवते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती सगळी बुजलेली. दरवाजा हलवला तर आत पाणी डुचमळत होतं. माडाची हीर घेतली आणि एकेक भोक मोकळं केलं. खर्च शून्य. हीर लोखंडी तारेपेक्षा बरी, रंग ओरखडत नाही.

हौद्याचं तर आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मोरचुदाची पिशवी हौद्यात फुटली होती. झाडूने लोटून टाकली, वर पाऊस पडला. बोर्डो लोखंडी भांड्यात करू नये हे आपण पोरांना शिकवतो, चुना कमी पडलाय का ते बघायला त्यात लोखंडी खिळा बुडवतो आणि तांबूस झाला की समजतो. तेच द्रावण हौद्याच्या पत्र्यावर महिनाभर राहिलं तर काय होणार! त्या जागी आता हाताएवढं भोक आहे, ॲल्युमिनियमची चकती मारलेली. पोटॅश, युरिया यांचीही तीच गत. आता खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा गोड्या पाण्याने धुतो.

धुण्यासाठी एचटीपीचीच गन वापरतो. आधी टाकी आणि पाईप साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढायचे, औषध राहता कामा नये. मग गाडीखाली, मडगार्डमध्ये, चासीवर मारायचं. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारू नये. काही जण पावसाआधी चासीला जळकं ऑईल फासतात, आमच्या वडिलांच्या काळात जीपला फासायचे. ते रबरी बुशना लागलं की रबर फुगतं, आणि ते ठिबकून शेवटी आपल्याच मातीत जातं. मी अंडरकोटिंग करून घेतलं, पण आधी पूर्ण वाळवून. ओल्यावर कोटिंग म्हणजे गंज आत कोंडून ठेवणं.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांसाठी एक. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा गाडी कलमाखाली होती. फांदी पडली नाही म्हणून देवाचे आभार मानले. पण पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते, तिच्यात पानं गेली. जून-जुलैत ती कुजून गोळा झाला, पाणी जायची वाट बंद. पाणी डावीकडून आत केबिनमध्ये आलं, पायातली गादी भिजली, तिथून वर फ्यूजच्या डब्यापर्यंत ओल. कधी हॉर्न वाजेना, कधी एकच दिवा लागेना. गॅरेजवाला वायरिंग शोधत राहिला. आता जाळी उचलून पानं काढतो, पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मधे एकदा. त्याच वेळी उंदराचं घर दिसतं का तेही बघतो.

पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला चिरा लावायचा. मात्र चिरा काढल्याशिवाय गाडी सुरू करू नये, हे आमच्या पुतण्याला अजून सांगावं लागतं.

आता दिव्यांचंच बोलतोय तर इंजिन ऑईलचा लाल दिवा, तो किटलीच्या चित्राचा. पुष्कळांना वाटतं, ऑईल कमी झालं की तो लागेल. बहुतेक गाड्यांत तो ऑईलचा दाब सांगतो, पातळी नाही. दाब पडेपर्यंत ऑईल कमी झालं म्हणजे उशीर झाला. तो चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" करायचं नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद. पातळी बघायला पट्टी आहे. सकाळी गार इंजिनवर, सपाट जागी, दोन मिनिटांचं काम. तापमानाच्या काट्याचंही तसंच. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोपर्यंत तो खरं बोलतो. कूलंट सगळं निघून गेलं तर तो हवेत राहतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो. आमच्या बाजूचे एक जण असेच फसले, हेड उतरवावं लागलं. आणि कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घालू नका, किनाऱ्यावरच्या विहिरीचं तर मुळीच नको.

टायरला दिवा नाही, पण जन्मतारीख आहे. बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. माझे मागचे टायर नक्षीने चांगले दिसत होते, किलोमीटर कमी ना! पण आकडे बघितले तर आठ वर्षांचे, आणि बाजूला बारीक चिरा पडलेल्या. भेगाळलेल्या टाचेसारख्या. ते काढून टाकले. टायमिंग बेल्ट ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी पुस्तकात त्याची मुदत बघावी, किलोमीटर आणि वर्षं दोन्ही, जे आधी येईल ते. तो तुटायच्या आधी बहुतेक काही सांगत नाही. माझ्या गाडीत चेन आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ब्रेक ऑईलची लिटरची बाटली मला पाचशेच्या आत पडली, मजुरी वेगळी. साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, आणि झाकणावर किंवा पुस्तकात जो डॉट लिहिलाय तोच घालायचा. उरलेली बाटली ठेवायची नाही. हे मला सगळ्यात जड जातं, आपण शेतकरी, अर्धी बाटली टाकवत नाही. तरी टाकत नाही ती गॅरेजवाल्याला देतो, त्याची त्याच दिवशी संपते.

मँगोनेटच्या नोंदणीमुळे फवारणीची वही ठेवायची सवय लागलेली आहे. त्याच वहीची शेवटची दोन पानं आता गाडीला दिलीत. तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं. त्यात पहिली नोंद मुलीने केलीय, तिच्या अक्षरात. सुट्टीला आली होती तेव्हा तिनेच बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च धरून ब्रेक ऑईलचा रंग बघितला आणि लिहिलं, "पिवळा." आईने विचारलं, ही एवढं काय बघतेय. तेव्हा मग आम्ही दोघांनी तिला घाटातलं उरलेलं अर्धं सांगितलं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला पेट्या न्यायच्या होत्या, तेव्हा गाडीपाशी येऊन विचारलं, "वही बघितलीत का?"